वेळापत्रक कोण लावतं? कार्टून वाहिन्या चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुलांच्या कार्टून वाहिन्या चालवणाऱ्या कंपन्यांचे कार्यक्रमप्रमुख, आणि त्यांच्या वर बसून हिशेब बघणारे,

महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये कार्टून नेटवर्कचं अमेरिकेतलं संकेतस्थळ बंद झालं. पत्ता टाकला की माणूस थेट मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीच्या ‘मॅक्स’ (आता पुन्हा ‘एचबीओ मॅक्स’) या स्ट्रीमिंग सेवेच्या दारात. खेळ गेले, भाग गेले, छोट्या चित्रफिती गेल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला जुन्या कार्टूनसाठी काढलेलं बूमरँगचं ॲप बंद झालं. मार्च २०२५ मध्ये मॅक्सवरून मूळ लूनी ट्यून्स लघुपटही काढून टाकले. लूनी ट्यून्समधला ससा बग्ज बनी ज्या कंपनीचा चेहरा, तिच्याच घरात त्याची जुनी कामं बघायची सोय राहिली नाही.

एकाच कंपनीला धारेवर धरायचं नाहीये. डिस्ने चॅनल २०२० साली ब्रिटनमध्ये बंद झालं, २०२१ साली आग्नेय आशियात. निकेलोडियन चालू आहे, पण तिथे आत्ता काय लागलं असेल हे टीव्ही न लावताही सांगता येतं. अशा प्रत्येक बातमीवर दोन दिवस हळहळ होते, लोक आपापल्या लहानपणाची शीर्षकगीतं गुणगुणतात आणि विषय मिटतो. तो इतक्या स्वस्तात मिटू नये म्हणून हे पत्र.

माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी ॲनिमेशनमध्ये चित्रं काढते. मुख्य चित्रकार हात वर असलेलं एक चित्र काढतो आणि हात खाली आलेलं दुसरं. मधली जी चित्रं लागतात ती काढणाऱ्यांपैकी मी एक. आमचं काम नीट झालं की ते दिसतच नाही, हात नुसता खाली येतो. शिवाय मला आठ वर्षांचा मुलगा आहे. त्यामुळे कार्टून बनतं कसं आणि बघितलं जातं कसं, दोन्ही मी रोज जवळून बघते. आणि दोन्हीकडून मला एकच प्रश्न पडतो: तुमच्याकडे आता निवड करणारं माणूस उरलंय का?

जुनं ते सोनं, असं म्हणायला मी आलेले नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते म्हणवणारही नाही. हॅना आणि बार्बेरा या जोडीनं चित्रपटगृहांसाठी केलेले टॉम अँड जेरीचे लघुपट बघा. १९४० ते १९५८ या काळात ११४ लघुपट आणि ७ ऑस्कर. मांजराच्या शेपटीच्या टोकालासुद्धा वजन आहे. मग ते बनवणाऱ्या एमजीएम या चित्रपट कंपनीनं कार्टून विभागच बंद केला आणि हीच माणसं टीव्हीकडे वळली. तिथे पैसा तुटपुंजा आणि वेळ त्याहून कमी. म्हणून योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला. कॉलरमुळे डोकं आणि धड वेगळं करता येतं: धड तेच ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं, शेकडो चित्रं वाचतात. मुलांना ती ऐट वाटली, पण खरं तर ती काटकसर होती. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या अमेरिकेतल्या शनिवार-सकाळच्या कार्टूनमध्ये अशी काटकसर इतकी आहे की तीच पार्श्वभूमी पात्रांच्या मागून पुन्हा पुन्हा धावताना दिसते. तरीही ‘स्कूबी-डू’ १९६९ पासून आजवर टिकला, कारण त्याची गोष्ट पक्की होती.

१९८० चं दशक तर याहून वाईट. १९८४ साली अमेरिकेच्या प्रसारण नियामकानं मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं काढली आणि खेळणी विकणाऱ्या कंपन्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींना मालिका म्हणण्याचा सपाटाच लावला. ‘ही-मॅन’ आधी खेळणं होता, मग मालिका झाली. पेगी चॅरन या बाईंनी १९६८ साली उभी केलेली ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही पालकांची संघटना तुमच्यासारख्यांशी वर्षानुवर्षं भांडली. १९९० साली कायदा झाला: मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिराती शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं आणि इतर दिवशी १२ मिनिटं, त्यापुढे नाही. तुम्ही कधी काही आपणहून सोडलंय असं मला तरी आठवत नाही. म्हणून हे पत्रही उघड्यावर लिहितेय.

तेव्हा माझं म्हणणं ‘तेव्हाची कार्टून चांगली, आताची वाईट’ असं नाही. २०१० पासून आलेल्या ‘ॲडव्हेंचर टाइम’, ‘गमबॉल’, ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या मालिका माझ्या पिढीच्या कित्येक मालिकांहून धीट आहेत, आणि चित्र म्हणूनही सरस. बिघडलीय ती वाहिनी.

वाहिनी म्हणजे काय होतं, ते तुमच्याच इतिहासातून सांगते.

कार्टून नेटवर्क १ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं नवं असं जवळजवळ काही नव्हतं. वाहिनीचे मालक टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएमचा चित्रपटसंग्रह घेतला होता, त्यात वॉर्नरच्या जुन्या रंगीत कार्टूनचा मोठा भागही आला. १९९१ साली हॅना-बार्बेराचा अख्खा संग्रह घेतला. अर्ध्या शतकाची कार्टून गोदामात पडून होती. कुणीतरी म्हटलं, ही २४ तास दाखवू. लोकांना ते वेड वाटलं असणार. पण त्यातून जे झालं ते कुठल्याही शाळेला जमलेलं नाही. १९९० च्या दशकातलं पोर एकाच दुपारी १९४३ चा टॉम बघायचं, लगेच १९६० चे फ्लिंटस्टोन्स, मग ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’. कुणी न शिकवता त्याच्या डोळ्यांना कळायचं की रेघ बदलते, संगीत बदलतं, विनोदाची चाल बदलते. टॉम अँड जेरीत स्कॉट ब्रॅडलीचं संगीत प्रत्येक पावलाबरोबर चालतं, फ्लिंटस्टोन्समध्ये माणसं उभी राहून बोलतात आणि मागे प्रेक्षक हसतात. हा फरक माझ्या पिढीनं कानांनी शिकला.

आणि हे फक्त प्रेक्षकांपुरतं राहिलं नाही. १९९५ साली त्याच वाहिनीनं ‘व्हॉट अ कार्टून!’ सुरू केलं. हॅना-बार्बेराचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड सायबर्ट यांची कल्पना साधी होती: कुणाही चित्रकाराला एक लघुपट करू द्या, त्याच्या मनासारखा, आणि बघा लोकांना काय आवडतं. ४८ लघुपट झाले. बहुतेक कुणाच्या लक्षातही नाहीत, आणि ते तसंच असायला हवं. पण त्यातून गेंडी टार्टाकोव्हस्कींचा डेक्स्टर आला, व्हॅन पार्टिबल यांचा जॉनी ब्राव्हो, क्रेग मॅक्रॅकन यांच्या पॉवरपफ गर्ल्स, जॉन डिलवर्थ यांचा भित्रा करेज. त्या ४८ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या विल्यम हॅना यांचंही काम आहे. पन्नास वर्षांपूर्वी टॉमला धावायला लावणारा माणूस आणि कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं एकाच यादीत. पॉवरपफ गर्ल्सची जाड रेघ आणि सपाट रंग यांचं मूळ १९५० च्या दशकातल्या कार्टूनमध्ये आहे. ज्यांनी जुनं पोटभर बघितलं होतं, त्यांनीच नवं केलं. गोदाम उघडं होतं म्हणून हे घडलं.

निकेलोडियनची गोष्ट थोडी वेगळी. १९७९ साली ती वाहिनी सुरू झाली तेव्हा जाहिराती घेत नव्हती. ते व्रत काही वर्षांत मोडलं. पण ११ ऑगस्ट १९९१ ला एकाच दिवशी तीन मालिका आल्या, ‘डग’, ‘रगरॅट्स’ आणि ‘रेन अँड स्टिंपी’, आणि तिन्ही एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या. एक संकोची मुलाची डायरी, एक रांगत्या बाळांच्या उंचीवरून दिसणारं जग, एक निव्वळ किळसवाणा धिंगाणा. कुठल्याच मालिकेमागे आधीपासून दुकानात असलेलं खेळणं नव्हतं. तीन उडी मारणारी माणसं आणि त्यांना उडी मारू देणारं एक कार्यालय. असं धाडस तुमच्या इमारतीत शेवटचं कधी झालं, ते तुम्हीच आठवून बघा.

आता तक्रारी. काही लहान आहेत, काही लहान दिसतात.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: एकच मालिका दिवसभर. ‘टीन टायटन्स गो!’ २०१३ साली आली आणि काही वर्षांतच कार्टून नेटवर्कच्या वेळापत्रकात तिच्याशिवाय दुसरं काही शोधावं लागू लागलं. निकेलोडियनवर ‘स्पंजबॉब’ची तीच गत. स्पंजबॉबवर माझा राग नाही. समुद्री जीवशास्त्र शिकवणाऱ्या स्टीफन हिलेनबर्ग यांनी १९९९ साली उभं केलेलं ते जग अजून ताजं आहे. पण पंचवीस वर्षं जुन्या यशाच्या बळावर दिवसाचे तास भरणं ही आवड नव्हे, तो आळस आहे. तुमच्याकडे नवे चित्रकार आहेत, मागे संपूर्ण संग्रह आहे, आणि वेळापत्रकात एकच नाव.

तुम्ही म्हणाल, मुलांना तेच तेच आवडतं. खरं आहे. पण हे उत्तर तुमच्याच एका वाहिनीनं १९९६ साली किती वेगळ्या पद्धतीनं वापरलं होतं, ते आठवा. ‘ब्लूज क्लूज’ या लहानग्यांच्या कोड्यांच्या मालिकेचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायचे. बनवणाऱ्यांनी मुलांसोबत बसून अभ्यास केला होता. पहिल्या दिवशी मूल कोडं समजून घेतं, पुढच्या दिवसांत उत्तरं आधीच ओरडायला लागतं, आणि त्याला आपण हुशार आहोत असं वाटतं. आठवडा संपला की नवा भाग. तिथे पुनरावृत्ती मुलासाठी होती आणि तिला शेवट होता. तुमच्या आजच्या पुनरावृत्तीला शेवट नाही. आठवड्याचे आकडे बघून सगळ्यांत सुरक्षित नाव सगळ्या चौकोनांत भरणारं कुणीतरी आहे. मुलाच्या आठवड्याचा विचार करणारं कुणी नाही. माझ्या मुलाला एका मालिकेतले संवाद तोंडपाठ आहेत, आणि त्याच वाहिनीच्या संग्रहातल्या दुसऱ्या कुठल्याही पात्राचं नाव माहीत नाही. त्याची आवड अरुंद आहे असं नाही. मी घरी टॉमचा एखादा जुना लघुपट लावला की तो लोळून हसतो. त्याला तो तुमच्याकडून कधी भेटलाच नाही.

क्रमशः गोष्टींचं तर तुम्ही पार वाटोळं केलंत. ‘अवतार’ (२००५ ते २००८) ही मालिका आठवड्यागणिक पुढे सरकणारी एकसंध गोष्ट होती. तिचीच पुढची मालिका ‘लेजंड ऑफ कोरा’ २०१४ साली तिसऱ्या पर्वाच्या मधोमध टीव्हीवरून उतरवली आणि उरलेले भाग ऑनलाइन ढकलले. बघणाऱ्या मुलांना गोष्ट कुठे गेली ते शोधत हिंडावं लागलं. शेंडा-बुडखा नसलेले अकरा-अकरा मिनिटांचे तुकडे लावणं तुम्हाला सोपं जातं, कारण ते कुठेही चिकटवता येतात.

आणखी एक जाता जाता: २००९ साली नावातच कार्टून असलेल्या वाहिनीनं हाडामांसाच्या माणसांचे रिॲलिटी कार्यक्रम लावले होते. त्या काळी काय विचार झाला असेल, याचं मला आजही कुतूहल आहे.

दुसरी तक्रार: केलेलं काम नाहीसं करणं. २०२२ च्या एप्रिलमध्ये दोन मोठ्या कंपन्या एकत्र होऊन वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी झाली आणि ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्सवरून डझनावारी मालिका काढल्या गेल्या. ओवेन डेनिस यांची ‘इन्फिनिटी ट्रेन’ त्यात होती, ‘समर कॅम्प आयलंड’ होती, ‘ओके के.ओ.’ होती. ‘सेसमी स्ट्रीट’चे सुमारे २०० जुने भागही गेले. ‘इन्फिनिटी ट्रेन’ तीनच वर्षांपूर्वी तुमच्या वाहिनीवर सुरू झाली होती. आईवडील विभक्त झालेल्या मुलीची ती गोष्ट. ज्या मुलाला ती हवी असते, त्याला ती अमुक आर्थिक वर्षापुरती हवी नसते.

यात माझंही दुःख आहे. मी मधली चित्रं काढलेली एक मालिका एका कंपनीनं तिच्या सेवेवरून एके दिवशी काढून टाकली. वाहिनीवर ती आधीच बंद झाली होती, डीव्हीडी कधी निघालीच नाही. म्हणजे कायदेशीर मार्गानं ती आज जगात कुठेच दिसत नाही. तिच्या एका भागात पाऊस पडतो आणि एक कुत्रं अंग झटकतं. ते झटकणं मी केलंय. मुलाला दाखवायचं तर मला चोरून टाकलेली धूसर प्रत शोधावी लागते, आणि माझंच काम चोरीच्या वाटेनं बघायला मला लाज वाटते. नवी नोकरी मागताना दाखवायला म्हणावं तर तेही नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या कितीतरी जणांची हीच अवस्था आहे. त्यातल्या काहींचं आयुष्यातलं पहिलं काम ते होतं.

मला माहीत आहे की मालिका सेवेवर ठेवायलाही खर्च येतो. कलाकार-लेखकांना वेळोवेळी मानधन द्यावं लागतं, गाण्यांचे हक्क असतात. ते मानधन आमच्यासारख्यांच्या हक्काचं आहे, त्यामुळे त्यावर नाक मुरडणार नाही. पण नको असेल तर दुसऱ्याला द्या. लूनी ट्यून्सना ऑगस्ट २०२५ मध्ये ‘टूबी’ या मोफत सेवेवर जागा मिळालीच की. शेकडो लघुपट, आणि कुणाला वर्गणीही भरावी लागत नाही. मग बाकीच्यांना कुलपात का कुजवायचं?

तिसरी: चित्र कापणं. २००० च्या आधीची बहुतेक कार्टून जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या पडद्यासाठी काढली गेली. आजचा पडदा रुंद आहे. तो भरावा म्हणून चित्राचा वरचा आणि खालचा भाग उडवला जातो. प्रेक्षकाला काही कळत नाही, पण चित्रकारानं विनोद तिथेच ठेवलेला असू शकतो. ‘द सिम्पसन्स’चं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका दृश्यात बिअरच्या तीन वेगवेगळ्या टाक्या दिसतात आणि वर तिन्हींना एकाच नळातून बिअर येताना दिसते. २०१९ साली डिस्ने प्लसवर तो वरचा नळच कापला गेला. उरल्या नुसत्या तीन टाक्या. लोकांनी आरडाओरडा केला आणि मे २०२० मध्ये मूळ आकारात बघण्याची सोय आली. म्हणजे जमतं. मग ज्या कार्टूनसाठी आरडाओरडा करायला मोठी माणसं नाहीत, त्यांचं काय?

चौथी: श्रेयनामावली. ती चिमटून पडद्याच्या कोपऱ्यात ढकलायची, वर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात ओरडायची, किंवा पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू करायचा. आमची नावं तेवढ्यापुरतीच असतात हो.

पाचवी तक्रार जरा नाजूक आहे. २००६ साली ब्रिटनमध्ये एका प्रेक्षकानं टॉम अँड जेरीत धूम्रपान दिसतं अशी तक्रार नियामकाकडे केली आणि टर्नर कंपनीनं १५०० हून अधिक जुनी कार्टून तपासायला घेतली. लहान मुलांच्या वाहिनीवर सिगारेट ऐटीची दिसू नये, हे मला मान्य आहे. जुन्या लघुपटांत वर्णद्वेष आहे, काळ्या लोकांची हीन टिंगल आहे. ती दुपारी चार वाजता माझ्या मुलासमोर विनाकारण येऊ नये, हेही मान्य. पण गुपचूप कात्री चालवून, आवाज बदलून, काही झालंच नाही असं दाखवू नका. वॉर्नरनंच आपल्या डीव्हीडी संचांवर एक निवेदन छापलं होतं. त्याचा आशय असा: यातली चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती लपवली तर हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. इतकं सरळ बोलता येतं तर तेच करा. मुलांच्या वाहिनीवर कापलेली प्रत दाखवा, ती कापलेली आहे हे सांगा, आणि मूळ प्रत मोठ्यांसाठी अभ्यासाला उपलब्ध ठेवा.

सहावी: वय आणि वेळ यांचं भान. २०११ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकानं ९ मिनिटं वेगवान स्पंजबॉब बघितला, दुसऱ्यानं संथ गतीचा कार्यक्रम, तिसऱ्यानं चित्रं काढली. त्यानंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या गटाला मन आवरणं अधिक जड गेलं. निकेलोडियननं उत्तर दिलं की मालिका चार वर्षांच्या मुलांसाठी नाहीच, ती ६ ते ११ वयासाठी आहे. उत्तर बरोबर आहे. एवढ्याशा प्रयोगावरून कार्टूनला गुन्हेगार ठरवणं मलाही पटत नाही. पण मग वयाचं हे भान वेळापत्रकात कुठे दिसतं? सकाळचे काही तास लहानग्यांचे, शाळेनंतरचे मोठ्यांचे, अशी विभागणी पूर्वी ठळक होती. १९९७ साली सुरू झालेल्या, कार्टून नेटवर्कवरच्या ‘टूनामी’ या दुपारच्या कार्यक्रममालेला स्वतःचा आवाज होता, स्वतःचं संगीत होतं, शाळेतून आलेल्या मोठ्या मुलांना कळायचं की हे आपलं. आणि ते संपायचंही. स्ट्रीमिंगवर तर संपणं हा प्रकारच तुम्ही काढून टाकलाय. भाग संपायच्या आत पुढचा. घरोघरी ‘बंद कर’ म्हणण्याचं वाईट काम आमच्या वाट्याला आलंय, ते पूर्वी वेळापत्रक करायचं.

मुलं टीव्ही सोडून गेली, वाहिनीत आता पैसा नाही, हे तुमचं उत्तर मला ऐकू येतंय. मुलं मोबाइलवर गेली हे कोण नाकारेल. पण तिथे यूट्यूबवर त्यांना जे मिळालं त्यात निवड करणारं कुणी नव्हतं. २०१७ साली ओळखीच्या पात्रांचे चेहरे लावून विकृत चित्रफिती मुलांपर्यंत पोचत असल्याचं उघड झालं. २०१९ साली मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल यूट्यूब आणि त्याच्या मालक कंपनीला अमेरिकेत १७ कोटी डॉलर मोजावे लागले. अशा वेळी पालकांना जर काही हवं असेल तर ज्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येईल अशी जागा. ती जागा तुम्ही होतात. नेमकी तेव्हाच तुम्ही दारं लावायला घेतलीत. आणि निवड करायला टीव्हीच हवा असं कुठे आहे? तुमच्या स्ट्रीमिंग सेवेवर रोज दोन तासांचं, कुणा जाणत्या माणसानं लावलेलं वेळापत्रक चालवायला कोण अडवतंय?

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

कुठलीही एक मालिका दिवसाच्या एक चतुर्थांशाहून जास्त वेळ दाखवू नका. हा नियम स्वतःवर घालून घ्या आणि जाहीर करा.

रोज किमान एक तास संग्रहातल्या जुन्या कामांना द्या, मुलं जागी असतात अशा वेळी. मध्यरात्रीचा तास चालणार नाही. सुरुवातीला पडद्यावर साल आणि बनवणाऱ्यांची नावं लिहा.

मूळ आकार हाच पहिला पर्याय ठेवा. ज्याला पडदा भरायचाय तो बटण दाबेल.

श्रेयनामावली पूर्ण, वाचता येईल अशा आकारात आणि वेगात दाखवा.

मालिका काढायची असेल तर सहा महिने आधी जाहीर करा, त्या काळात ती विकत घेण्याची सोय ठेवा, आणि एक चांगली प्रत सार्वजनिक चित्रपटसंग्रहालयाकडे द्या. काम केलेल्या प्रत्येकाला त्याच्या कामाची प्रत मिळालीच पाहिजे.

काटछाट केली तर तसं लिहा.

मुलांच्या खात्यांवर पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. ज्यांना हवं ते पालक चालू करतील.

दर वर्षी काही नव्या चित्रकारांना एकेक लघुपट करू द्या, आधीच्या कुठल्याही यशस्वी पात्राशी संबंध नसलेला. बरेचसे पडतील. पडू द्या.

आणि शेवटची: प्रत्येक वाहिनीचं वेळापत्रक कोण लावतं त्या माणसाचं नाव आणि पद जाहीर करा. आकड्यांवर चालणारा संगणक लावत असेल तर तसं सांगा. चांगला दिवस लावला की आभार कुणाचे मानायचे आणि वाईट लावला की पत्र कुणाला लिहायचं, हे पालकांना कळायला हवं. हे पत्र लिहिताना माझी पहिली अडचण तीच होती.

उत्तर मला खासगीत नको. पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात दिलंत तरी पुरे.

आपली,
एक ॲनिमेशन चित्रकार